नवा घट

न्यायाधीश एखाद्या मनुष्यास शिक्षा फर्मावतो तेव्हां तो त्या शिक्षेस आरंभ देतो, तसाच शेवटही देतो. सात वर्षें म्हणजे सात वर्षें. चांगल्या वर्तणुकीबद्दल त्यांत कांहीं दिवसांची सूट मिळेल, पण एक दिवसही अधिक कोणास डांबून ठेवतां येणार नाहीं. ठरलेल्या दिवशीं तुरुंगाचा दरवाजा उघडतो, नोंदवहींत सही होते, आणि कायद्याच्या दृष्टीनें तो मनुष्य मोकळा होतो. परंतु त्या दरवाजाबाहेर दुसरें एक न्यायासन मांडलेलें असतें, आणि त्यावर तुम्ही आम्ही बसलेले असतों. या न्यायासनापुढें साक्षीपुरावा होत नाहीं, वकील उभा राहत नाहीं, अपील चालत नाहीं. आणि मुख्य म्हणजे त्यानें दिलेल्या शिक्षेस मुदत नसते. या दुसऱ्या शिक्षेविषयीं मला येथें कांहीं लिहावयाचें आहे. तें लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हें वाचकांनीं लेखाच्या शेवटीं ठरवावें.

हा विषय माझ्या पेशाचा नव्हे. मी तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवीत आलों आहें. शिक्षेची उपपत्ति हा त्या शास्त्रांतील एक ठराविक धडा असल्यामुळें दरवर्षीं ठराविक तासांत मी तो उरकीत आलों आहें. तुरुंगाची भिंत मीं आंतून कधीं पाहिलेली नाहीं. परंतु माझी एक जुनी विद्यार्थिनी गेलीं बारा वर्षें व्यसनमुक्तीच्या एका केंद्रांत समुपदेशक म्हणून काम करीत आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्यांत पुष्कळसे तुरुंगांतून सुटून आलेले असतात. आपल्याकडे असें काम आतां अगदीं नवें राहिलेलें नाहीं. पुण्यांत डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं 'मुक्तांगण' सुरू केलें तें १९८६ सालीं; सुटलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनाकरितां टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईंत 'प्रयास' हा उपक्रम काढला तो १९९० सालीं. माझ्या विद्यार्थिनीचें केंद्र यांहून पुष्कळ लहान आहे. दर दिवाळींत ती घरीं येते, आणि फराळ आटोपल्यावर आमचें जें बोलणें होतें त्यांत माझ्या वर्गांतील उपपत्तीची एकेक वीट ढिली होत जाते. ती कोणाचें नांव कधीं सांगत नाहीं. येथेंही तें येणार नाहीं.

समुपदेशक या शब्दांतच उपदेश बसलेला आहे. त्यामुळें हें काम म्हणजे चुकलेल्यास चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणें, अशी माझी समजूत होती. ती हंसून म्हणाली, "सर, उपदेश त्यांना कोर्टापासून कीर्तनापर्यंत सगळ्यांनीं केलेला असतो. आमच्या खोलींत तेवढा तो नसतो, म्हणून ते येतात." पहिल्या भेटींत ती विचारते त्या गोष्टी अगदीं साध्या असतात. काल रात्रीं कोठें निजलांत ? तुरुंगाच्या दारापाशीं न्यायला कोण आलें होतें ? कमाईचे पैसे कोणाच्या हातीं दिलेत ? घराच्या वाटेवर दारूचीं दुकानें किती लागतात ? या प्रश्नांना कारण आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत १९९९ ते २००३ या काळांत तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ लोकांची पाहणी २००७ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचें प्रमाण तेथील इतर रहिवाशांच्या १२.७ पट आढळलें. मादक द्रव्याच्या अतिमात्रेनें आलेल्या मृत्यूंचें प्रमाण तर १२९ पट. बंदिवासांत द्रव्य मिळत नाहीं किंवा थोडें मिळतें, त्यामुळें तें सोसण्याची शरीराची संवय मोडते. मनाची ओढ मात्र मोडत नाहीं. मग बाहेर पडल्यावर जुन्या मापानें घेतलेली पहिलीच मात्रा प्राण घेते. आपण ज्या दिवशीं 'सुटला' म्हणतों, त्या दिवसापासूनचा पंधरवडा हा असा असतो. त्या पंधरवड्यांत जवळ कोणी शुद्धीवर असलेला मनुष्य असणें, हाच पहिला उपचार.

पण प्राण वांचविणें हा कामाचा आरंभ झाला. त्यानंतर तो मनुष्य बोलूं लागतो, आणि खरा नैतिक प्रश्न तेथें उभा राहतो.

एकदां तिच्याकडे पस्तिशींतला एक गृहस्थ आला. दारूच्या भरांत झालेल्या मारामारींत त्याच्या हातून त्याचा मित्रच मेला होता. सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी भोगून तो सुटला होता. मृताची पत्नी त्याच वस्तींत, पुढच्या गल्लींत राहत होती. त्या बाईच्या पायांवर डोकें ठेवून क्षमा मागावी, या एकाच ध्यासानें त्याला पछाडलें होतें. हें ऐकतांना माझ्या डोळ्यांपुढें नाटकाचा शेवटचा अंक उभा राहिला, आणि समुपदेशकानें त्याला हात धरून त्या दारापर्यंत न्यावें याहून अधिक योग्य तें काय, असें मला वाटलें. माझ्या विद्यार्थिनीनें त्याला विचारलें, "ही क्षमा तुम्हांला कोणासाठीं हवी आहे ? तुम्हांला झोप यावी म्हणून, कीं त्यांना यावी म्हणून ?" तो रागावला, दोन आठवडे आलाच नाहीं. मग आला, आणि म्हणाला कीं, आपण तिच्या दारीं जाणार नाहीं. वस्तींतील एका वृद्ध गृहस्थामार्फत त्यानें एवढाच निरोप ठेवला कीं, तिला कधीं कांहीं बोलावयाचें वा विचारावयाचें असेल तर आपण हजर आहों. आणि त्या गल्लींतून जाणारा रस्ता त्यानें सोडून दिला. अजूनही कामावर जातांना तो किलोमीटरभर वळसा घेतो. कोणीं त्याला तसें सांगितलेलें नाहीं. त्या बाईस तें ठाऊक आहे कीं नाहीं, हेंही त्याला माहीत नाहीं.

अमेरिकेंत १९३५ सालीं एक शेअरबाजारांतील गृहस्थ व एक शस्त्रवैद्य या दोघां मद्यासक्तांनीं 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हा संघ सुरू केला. त्यांच्या बारा पायऱ्यांत एक पायरी अशी आहे कीं, ज्यांचें आपण नुकसान केलें त्यांची भरपाई करावी. परंतु तसें केल्यानें त्यांना किंवा दुसऱ्या कोणास इजा होणार असेल तर करूं नये. हा अपवाद ज्यानें कोणीं घातला त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळला असला पाहिजे. क्षमायाचना हीही कधीं कधीं मागणी असते. ज्याचें एकदां सर्वस्व घेतलें त्याच्याकडून ती आणखी एक वस्तु घेऊं पाहते.

या प्रसंगानें माझ्या मनांतील एक जुना गोंधळ मला दिसला. शिक्षा आणि जबाबदारी हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. वस्तुतः शिक्षा दुसऱ्यानें लादलेली असते, आणि ती भोगणाऱ्याचें लक्ष स्वाभाविकपणेंच स्वतःच्या दुःखाकडे असतें. माझी विद्यार्थिनी सांगते कीं, या लोकांच्या तुरुंगांतील आठवणींत न्यायाधीश येतो, पोलीस येतात, उलटलेला साक्षीदार येतो. ज्याचा घात झाला तो मनुष्य क्वचितच येतो. मी हिशेब चुकता करीत आहें, याउपर माझ्याकडे काय मागतां, असा एकंदर भाव असतो. शिक्षा संपली म्हणजे ही पळवाट बंद होते. आतां समोर पहारेकरी नसतो, आपलें कृत्य तेवढें असतें. जबाबदारीचा आरंभ तेथें होतो, आणि तिला मुदत नाहीं. तो किलोमीटरभराचा वळसा कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेला नव्हता.

हें खरें असेल तर आपल्या दुसऱ्या न्यायासनाविषयीं एक गोष्ट निष्पन्न होते. सुटलेल्या मनुष्यास आपण घर देत नाहीं, काम देत नाहीं, मुलीबाळींना त्याच्या सावलींतून बाजूला ओढतों, तेव्हां त्याच्यावर अधिक नीति लादीत आहों असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत आपण त्याची पळवाट त्यास परत देतों. काल जो अपराधी होता त्यास आपण आज अन्याय झालेला मनुष्य बनवितों, आणि अन्याय झालेल्या मनुष्यास स्वतःच्या अपराधाकडे पाहण्याची सवड नसते. समुपदेशकाचें काम या दोन टोंकांमध्यें उभें राहण्याचें आहे. क्षमा करण्याचा अधिकार तिचा नाहीं, कारण घात तिचा झालेला नाहीं. शिक्षा देण्याचाही नाहीं, कारण ती देऊन झालेली आहे. ज्याच्यापुढें खोटें बोलण्याची गरज नाहीं असा एक साक्षी, एवढेंच तिचें स्वरूप.

शिक्षेच्या उपपत्तींत कांट आणि बेंथॅम हीं दोन परस्परविरुद्ध टोंकें म्हणून मी शिकवीत असतों. कांटचें १७९७ सालच्या ग्रंथांतील उदाहरण प्रसिद्धच आहे : एखाद्या बेटावरील समाजानें मोडून चोहोंकडे पांगावयाचें ठरविलें, तरी जाण्यापूर्वीं तुरुंगांतील शेवटच्या खुन्यास त्यानें देहान्त शासन केलेंच पाहिजे. उलट बेंथॅमच्या मतें प्रत्येक शिक्षा ही स्वतः एक अनिष्टच, आणि अधिक मोठें अनिष्ट टळत असेल तेवढ्यापुरतीच ती समर्थनीय. एक कर्तव्यकठोर, दुसरा हिशेबी. तरीही एका बाबतींत दोघांचें एकमत आहे : शिक्षेस माप हवें. कांटच्या मतें अपराधाइतकी, बेंथॅमच्या मतें उपयोगाइतकी. पण मापाबाहेरची शिक्षा दोघांनाही मान्य नाहीं. आपण देतों त्या बेमुदत शिक्षेस पाठिंबा देणारा तत्त्वज्ञ मला अद्यापि भेटावयाचा आहे.

व्यवहारांत मात्र तत्त्वज्ञांच्या पुढें एक जोडे बनविणारा कारागीर गेला. १८४१ सालीं बोस्टनच्या पोलीस कोर्टांत जॉन ऑगस्टस हा गृहस्थ बसला असतांना दारूबाजीच्या आरोपाखालीं एका मनुष्यास आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं चार शब्द बोलून स्वतः जामीन राहण्याची तयारी दाखविली. तीन आठवड्यांनीं त्यानें त्यास परत हजर केलें तेव्हां तो इतका बदललेला होता कीं, न्यायाधीशानें नांवाला एक सेंट दंड केला. १८५९ सालीं मरेपर्यंत ऑगस्टस असा सुमारें दोन हजार लोकांना जामीन राहिला. पुढें जगभर झालेल्या परिवीक्षेच्या कायद्यांचा हा उगम. मुंबई इलाख्यांत असा कायदा १९३८ सालीं झाला, अखिल भारतासाठीं १९५८ सालीं. १९५८ च्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषी ठरल्यामुळें येणारी अपात्रता लागूं नये. परंतु जो पुरी शिक्षा भोगून आला त्याचें काय ? इंग्लंडनें १९७४ सालीं कायदा करून ठरविलें कीं, ठराविक वर्षें सरळपणें गेल्यावर पुष्कळशा अपराधांची जुनी शिक्षा 'सरली' असें समजावें. आपल्याकडे प्रौढांसाठीं असा सर्वसाधारण कायदा नाहीं.

तरी आपल्याकडे स्वतंत्रपूर झालें होतें. औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, १९३९ सालीं राजे भवानराव पंतप्रतिनिधि व मूळचे पोलंडचे एंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानें ही मोकळी वसाहत निघाली. तेथें भिंती नव्हत्या. कैद्यानें कुटुंबासह राहावें, शेती करावी. त्या प्रयोगावरूनच १९५७ सालीं शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला. तो पाहतांना डोळे पुसले नाहींत असें घर आपल्या वर्गांत विरळाच. पडद्यावरच्या सहा खुन्यांवर आपण मनापासून प्रेम केलें. त्यांतला एखादा उद्यां बागकाम मागावयास आपल्या फाटकाशीं उभा राहिला तर आपण काय करूं, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर कोणीं आपणांस विचारला नाहीं.

आपल्या जुन्या शास्त्रांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आहे. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण विवाहविच्छेदासाठीं वापरतों. पण मूळ घटस्फोट म्हणजे पतितास जातीबाहेर टाकण्याचा विधि. तो जिवंत असतांनाच तो मेला असें समजून त्याच्या नांवानें पाण्याचा घट उलथून टाकीत. हें पुष्कळांस ठाऊक असतें. याच विधीचा उत्तरार्ध मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, त्यानें प्रायश्चित्त पुरें केल्यावर आप्तांनीं त्याच्यासह पवित्र जलाशयांत स्नान करावें व पाण्यानें भरलेला नवा घट त्यांत सोडावा. याज्ञवल्क्यानें आणखी सांगितलें आहे कीं, त्यानंतर त्याची कोणीं किळस करूं नये व सर्व व्यवहारांत त्यास सामील करून घ्यावें. मनूच्या आठव्या अध्यायांत तर राजदंड भोगलेला मनुष्य पुण्यवानांप्रमाणें निर्मळ होऊन स्वर्गास जातो, इथवर मजल गेली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ सालीं निघालेला चौथा खंड ज्यास सवड असेल त्यानें या विषयासाठीं पाहावा.

याचा अर्थ पूर्वीचें सर्व चांगलें होतें असा कोणी करूं नये. त्याच ग्रंथांनीं दंड आणि प्रायश्चित्त वर्ण पाहून कमीजास्त केलें, आणि कित्येकांस तर अपराधाशिवायच कायमचें बाहेर ठेवलें. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें तेंच नव्या शाईनें लिहिलें व जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या; सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण त्या जमातींवरचा संशय रद्द करणारें कलम त्यांत नव्हतें. मला जुन्या शास्त्रांतून घ्यावयाचा आहे तो एवढाच विचार, कीं बहिष्काराचा विधि ज्यांनीं लिहिला त्यांनीं परत घेण्याचा विधिही लिहून ठेवला. आपण पहिला घट फोडतों आणि दुसरा भरीतच नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाहीं. तुमच्या घरांतील कोणाचा जीव गेला असता तर हा लेख तुम्हीं लिहिला असतात काय ? कदाचित् नसता. ज्याचा घात झाला त्यानें क्षमा करावी असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं, आणि मी तें सांगतही नाहीं. त्याहून टोंचणारी गोष्ट अशी कीं, त्या गृहस्थास समुपदेशक मिळाली. त्या विधवेच्या दुःखाची विचारपूस करण्यास कोण गेलें? बळींना सरकारनें नुकसानभरपाई द्यावी अशी योजना फौजदारी प्रक्रिया संहितेंत आली तीच मुळीं २००८ च्या दुरुस्तीनें. ही उणीव खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय दुसरी समुपदेशक नेमणें हा आहे. पहिलीस घरीं बसविणें हा नव्हे. त्या मनुष्यास काम न मिळाल्यानें त्या बाईच्या चुलीवर एक भाकर अधिक भाजली गेली असें नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीं त्याच मनुष्यासाठीं माझी विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तुरुंगांत तो पुस्तकबांधणी शिकला होता. आमच्या ग्रंथालयांत कपाटेंच्या कपाटें खिळखिळीं झालेलीं होतीं. तीन महिने त्यानें रोजावर काम केलें. जुजबंदी नीटस, खळ बेताची, पुठ्ठा कसा आरशासारखा. कांटच्या ग्रंथाची माझी विद्यार्थिदशेंतील प्रत त्यानेंच बांधून दिली. मग जागा कायम करण्याचा प्रश्न निघाला, त्याबरोबर चारित्र्यपडताळणीचा कागद आला, आणि त्यांत जें असावयाचें तेंच होतें. समितींत त्याच्या कामाविषयीं कोणाची तक्रार नव्हती. पालक काय म्हणतील, एवढाच प्रश्न निघाला, आणि सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. नीतीचा प्राध्यापक मी. मी म्हणालों, "तत्त्वतः माझा विरोध नाहीं, पण ही वेळ योग्य वाटत नाहीं."

तें कळल्यावर ती रागावली नाहीं. तिनें मला एकच विचारलें. "सर, योग्य वेळ कोणती ? कोर्टानें सात वर्षें सांगितलीं होतीं. तुमचीं किती ? आकडा सांगा, मी त्यांना कळवितें. ते थांबतील." माझ्याजवळ आकडा नव्हता. दहा म्हणालों असतों तर दहाव्या वर्षीं मीं दुसरें कांहीं कारण काढलें असतें, हें तिला कळत होतें, आणि त्या क्षणीं मलाही कळलें.

त्याला पुढें शहरांतील एका बांधणीच्या कारखान्यांत काम मिळालें. सुमारें वर्षानें तो घसरला. चार दिवस प्याला. हें मी लपवीत नाहीं, कारण समितींतील आम्हां मंडळींस तें समजतें तर आम्हीं आपली पाठ थोपटून घेतली असती. पांचव्या दिवशीं तो आपल्या पायांनीं केंद्रांत परत आला. पूर्वीं त्याला आणावयास पोलीस लागले होते, एवढाच फरक माझ्या विद्यार्थिनीनें दाखविला. त्यानंतर आजतागायत त्यानें थेंब घेतलेला नाहीं. उद्यांची हमी ती देत नाहीं, आणि तोही देत नाहीं.

त्या नव्या घटाच्या विधींत पतित मनुष्य एकटा स्नान करीत नाहीं. आप्तांना त्याच्याबरोबर त्याच पाण्यांत उतरावें लागतें. कांठावर कोरडें उभें राहून 'तूं आधीं शुद्ध होऊन ये, मग पाहूं' असें म्हणण्याची सोय शास्त्रकारांनीं ठेवलेली नाहीं. मी कांठावर उभा राहिलों होतों. यंदा आमच्या ग्रंथालयानें बांधणीकाराच्या जागेसाठीं पुन्हा अर्ज मागविले आहेत, आणि समितींत मी अजून आहें. तो अर्ज करील कीं नाहीं तें त्याचें त्यानें ठरवावयाचें; न केला तर त्याला दोष देण्याचें कारण मला नाहीं. पण त्याचा किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाचा अर्ज आला, तर त्या बैठकींत मला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ या वेळीं आहे. आकडा न्यायालयानें सांगितला तोच. तो पुरा झालेला आहे.